विलोची नर्सरी: रोग-किडीत पैसा घालवू नका



शिरूर-दौंड पट्ट्यात शोभेच्या झाडांची नर्सरी टाकायची म्हटलं तर गिऱ्हाईक जवळ आहे. इकडे रांजणगाव, तिकडे कुरकुंभ एमआयडीसी, शिवाय पुण्याचे फार्महाऊसवाले. त्यात लोंबत्या फांद्यांचा विलो छाट कलमावर सहज लागतो, म्हणून नवख्याला सोपा वाटतो. आपल्याकडे नदी-ओढ्याकाठी वाढणारं वाळुंज हे त्याच्याच कुळातलं.

पण एक लक्षात ठेवा. गिऱ्हाईक झाडाचे नाही, निरोगी झाडाचे पैसे देतं. समजा ५०० झाडांच्या ऑर्डरमध्ये ५० चिकट, कीड लागलेली निघाली, तर सगळा लॉट परत येऊ शकतो. पुढची ऑर्डर तर विसराच.

आधी हे करा

- कलमं निरोगी मातृवृक्षाचीच घ्या. झाड बदललं की कात्री स्पिरिटने पुसा.
- बाहेरून आणलेली रोपं किमान १५ दिवस वेगळी ठेवा.
- विलोला पाणी आवडतं, पण मुळं न फुटलेलं कलम पिशवीत साचलेल्या पाण्यात कुजू शकतं. पिशवीला भोकं हवीतच.
- एप्रिल-मेमध्ये पाण्याचा ताण पडू देऊ नका. ताणलेलं झाड रोगाला लवकर बळी पडतं.
- पिशव्या खेटून ठेवू नका. पाणी सकाळी बुडाशी द्या, पानांवर नको.

लक्षण बघा, मग औषध

*पानं चिकट, मुंग्यांची रांग, वर काळी काजळी:* हा मावा किंवा खवले कीड. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा. पानांची खालची बाजू विसरू नका.

*पांढरी पावडर:* भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. कडक उन्हात मारू नका, पानं करपतात. निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नकोच.

*पानाखाली पिवळी-नारिंगी पुरळ:* तांबेरा. रोगट आणि गळलेली पानं गोळा करून नष्ट करा, झाडांत अंतर वाढवा.

*फांदी शेंड्याकडून वाळते, सालीवर खोलगट काळे चट्टे:* कँकर. इथे नुसत्या फवारणीने भागत नाही. कोरड्या हवेत, चट्ट्याच्या खाली निरोगी लाकडापर्यंत कापा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा.

*कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या:* इथे बरेच जण फसतात! हा बहुतेक वेळा रोग नसतो, चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही. बुरशीनाशकावर पैसे उडवू नका. चिलेटेड लोह द्या, पुढच्या पिशव्यांत शेणखत वाढवा.

कुठलंही औषध मारण्याआधी लेबल वाचा, हातमोजे आणि मास्क घाला, आणि आधी दोन-चार झाडांवर मारून बघा.

आठवड्याला अर्धा तास

दर रविवारी वहीत लिहा: कोणत्या रांगेत काय दिसलं, काय मारलं, किती खर्च झाला. दोन महिन्यांत रोगाची सुरुवात कुठून होते ते कळायला लागेल. लक्षण ओळखू येत नसेल तर रोगट फांदी कागदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. दौंडकरांना बारामती सोयीचं, शिरूरकरांना नारायणगाव. दुकानदार देईल ते औषध आणण्यापेक्षा ही एक फेरी स्वस्त पडते.

सुरुवात ५० कलमांनी करा. ती निरोगी ठेवता आली, की मग ५०० ची ऑर्डर घ्या!