पेशीचा खुंटा

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात वाढलेल्या मला दावणीचा खुंटा परिचित आहे. बैलाने हिसके दिले की तो सैल होतो. पेशीचा खुंटा मात्र ताणाने दृढ होतो.

पेशीच्या आत ॲक्टिनच्या तंतूंचा सांगाडा असतो. पेशीपटलातील इंटेग्रिन ही प्रथिने बाहेरील आधार धरतात आणि टॅलिन या दोहोंना जोडते. ताण पडताच टॅलिन उलगडते, व्हिन्क्युलिन तेथे जडते, आणखी तंतू बांधले जातात. सांगाड्यातीलच सूक्ष्मनलिका तेथे पोचल्या की जोड सुटू लागतो. पुढे धरणे, मागे सोडणे, या क्रमाने कडेच्या पेशी सरकतात व जखम भरते.

हीच चाल कर्करोगाची पेशीही चालते. तंबाखूवर संसार उभारलेल्या आपल्या भागाने ती समजून घ्यावी, एवढीच माझी विनंती.