उंची नव्हे, सांडवा मोजा

नागपूर–वर्धा रस्त्यावरच्या केळझर परिसरात धरण म्हटलं की लोकांना आठवतं ते बोर धरण. ते सरकारी, मोठं आणि नोंदीतलं. शेताच्या वरच्या अंगाला कुणी नाल्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवलं, तर त्याला कुणी धरण म्हणत नाही. कायद्याचंही जवळपास तसंच आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ खासगी मालकालाही जबाबदार धरतो. पण तो लागू होतो १५ मीटरहून उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधल्या धरणाची माथ्यावरची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असावा लागतो, किंवा अशीच दुसरी एखादी अट पुरी व्हावी लागते. माझ्या मते धोका असा उंचीवरून ठरवणं अपुरं आहे. सांडवा केवढा, खाली वस्ती किती आणि बांधाकडे पाहणारा माणूस कोण, हे आधी विचारायला हवं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. उंची सुमारे १२ मीटर, मालकी एका खासगी महाविद्यालयाची. वीजनिर्मिती कधीच थांबली होती, तलाव नुसता शोभेला उरला होता आणि बांधाच्या उतारावर झाडं माजली होती. ६ नोव्हेंबर १९७७च्या पहाटे, मुसळधार पावसानंतर ते फुटलं आणि खालच्या वसाहतीतली ३९ माणसं गेली. उंची, लांबी, साठा या मापांवर आपल्या कायद्याच्या चाळणीतून ते सहज निसटलं असतं.

आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर पडते. ही माती पाणी धरते, म्हणून ती बांधाच्या गाभ्यात घालतात. पण उघडी राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्याच भेगांतून आत शिरतं. म्हणून तिच्यावर मुरमाचं जाड कवच हवं. बांधाच्या पायथ्याशी निवळ पाझर दिसला तर त्यावर नजर ठेवावी. तो गढूळ झाला की आतली माती वाहू लागली, हे ओळखावं आणि खालच्या लोकांना तिथून हलवावं. सांडव्यात मासे अडवायला जाळी लावणं किंवा साठा वाढवायला दगड-पोती रचणं, ही तर फुटीची तयारीच. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माथा खचायला काही तासही पुरतात.

शेतकऱ्याच्या तळ्यामागे आता तपासणीचं शुक्लकाष्ठ लावायचं का, असं कुणी विचारेल. जमिनीत खोदलेल्या शेततळ्याला याची गरज नाही, कारण त्यातलं बरंचसं पाणी जमिनीच्या पातळीखाली असतं. प्रश्न आहे तो नाल्यावर बांध घालून जमिनीच्या वर उभ्या केलेल्या साठ्याचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव कायद्याविना पिढ्यान्‌पिढ्या टिकलेच ना? टिकले, कारण मालगुजाराचं आणि गावाचं धानाचं पीक त्याच पाण्यावर होतं आणि डागडुजी कुणी करायची हे ठरलेलं होतं. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, ती घडी विस्कटली आणि कितीतरी तलाव गाळानं भरले. म्हणजे निव्वळ सरकारी मालकीनंही सुरक्षितता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण सरकारीच होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, तरी २ जुलै २०१९च्या रात्री ते फुटलं.

तेव्हा ग्रामपंचायतींनी एवढं तरी करावं: हद्दीतल्या प्रत्येक खासगी बांधाची नोंद ठेवावी, मृगापूर्वी मालकाला सोबत घेऊन सांडवा मोकळा आहे का ते पाहावं आणि मालकाचा फोन नंबर बांधाखालच्या प्रत्येक घरात पोहोचवावा.