तक्रारी अनेक, मूळ एक

सायनसचा त्रास म्हणून रुग्ण नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जातो. डोळा लाल झाला म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे, सांधे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे. पुढे खोकला लागतो, छातीच्या एक्स-रेत डाग दिसतात आणि आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो की त्याचीच औषधं सुरू होतात. तरीही ताप हटत नाही, वजन उतरत राहतं. अशी जाडजूड फाइल समोर आली की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : या सगळ्या अवयवांत समान काय आहे?

उत्तर असतं, रक्तवाहिन्या. चार गल्ल्यांचं पाणी एकदम बंद झालं तर आपण घराघरांतल्या तोट्या तपासत बसत नाही. मुख्य जलवाहिनी बघतो. तसंच हे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटली की त्यांच्या भिंती सुजतात. वाहिनी अरुंद होते किंवा फुटते. याला व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. वर सांगितलेलं चित्र ज्याचं असतं, तो पूर्वी वेगेनरचा आजार म्हणून ओळखला जाई. २०११पासून त्याला 'जीपीए' हे नाव मिळालं.

आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्येक सर्दीला घाबरायचं कारण नाही. पण काही खुणा एकत्र आल्या तर थांबून विचार करावा. नाकातून वारंवार रक्ताच्या खपल्या पडणं, ऐकू कमी येणं, थुंकीतून रक्त, पायांवर दाबूनही न विरणारे जांभळट ठिपके, किंवा एक पाऊल अचानक लुळं पडून चप्पल निसटणं.

यात सर्वांत फसवा अवयव म्हणजे किडनी. ती दुखत नाही. म्हणून मी सर्वांत आधी लघवीची साधी तपासणी करून घेतो. तीत प्रथिनं आणि तांबड्या पेशी सापडल्या, तर रक्तातलं क्रिएटिनिन ठीक असलं तरी मी निर्धास्त होत नाही. हा दाह काही आठवड्यांत किडनी निकामी करू शकतो.

नंतर येते 'अँका' ही रक्ततपासणी. १९८५मध्ये तिचा या आजाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला आणि निदान सोपं झालं. पण ती अंतिम निकाल नव्हे. क्षयरोगात आणि हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गातही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून थुंकीची तपासणी, रक्ताचं कल्चर, हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. शक्य असेल तिथे किडनीचा किंवा दुसऱ्या बाधित भागाचा बारीक तुकडा काढून बायोप्सी करतात. ही काटेकोरी गरजेची आहे, कारण उपचार प्रतिकारशक्ती दाबणारे असतात. क्षयरोग लपून राहिला असेल तर तो त्याने उफाळून येईल. मात्र किडनी झपाट्याने बिघडत असेल, तर सगळे अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसताही येत नाही.

एवढी घाई कशासाठी? १९५८मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, उपचाराविना राहिलेले रुग्ण सरासरी पाच महिनेच जगल्याचं दिसलं होतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत डॉ. अँथनी फाउची (पुढे कोविडकाळात जगाला परिचित झालेले) आणि डॉ. शेल्डन वुल्फ यांनी स्टेरॉइडला सायक्लोफॉस्फमाइडची जोड दिली आणि चित्र पालटलं. २०१०नंतर रिटुक्सिमॅबचा पर्याय आला. आता बहुतेक रुग्णांचा आजार आटोक्यात येतो. तो उलटू शकतो, म्हणून तपासण्या मात्र चालू ठेवाव्या लागतात. पण मेलेली किडनी कोणतंही औषध परत आणत नाही.

म्हणून सांगणं एवढंच. सगळे कागद एकाच फाइलमध्ये, तारखेनुसार लावा. डोळ्याच्या डॉक्टरांना नाकाचं आणि नाकाच्या डॉक्टरांना सांध्यांचं दुखणंही सांगा. आणि तक्रारी अनेक अवयवांच्या असतील, तर 'डॉक्टर, एकदा लघवी तपासायची का?' असं विचारायला संकोच करू नका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)