जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल

भाकऱ्या थापायच्या असतात, बाळ किरकिर करतं, हाताखाली दुसरं माणूस नसतं. मग मोबाइल पुढ्यात ठेवला की घास आपोआप जातात. यात कुणाला बोल लावायचा नाही. पण गाण्याच्या नादात पोट भरलं की नाही, हे बाळाला उमगत नाही. आणि मोबाइल नुसता बोलतो, ऐकत नाही. बाळ हुंकार देतं, आपण ‘काय गं सोने’ म्हणतो, ते पुन्हा काही बोबडं बोलतं. अशानेच बोली येते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

मोठ्या मुलांचं दुखणं झोपेचं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप हवी. पडद्याचा उजेड डोळ्यांवर असला की झोप आणणारं द्रव्य शरीरात उशिरा तयार होतं. मग सकाळी पोर उठत नाही, वर्गात पेंगतं, आणि आपण म्हणतो आळशी झालं!

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांच्या सभेत ठरलं: संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. लोक सहजी ऐकेनात. अंगणवाडी ताई, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा जमलं. मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा, ही त्यातली मोलाची गोष्ट. बाप खाटेवर रील बघत पडलेला असेल तर पोरगं पुस्तक कशाला उघडेल?

आता मुलींचं. पोराला दटावून फोन परत मिळतो. पोरीचा मात्र फोन जातो, कधी शाळाही सुटते. हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून कुणी घाणेरडे मेसेज पाठवले, फोटोवरून धमकावलं, तरी ती आईला सांगत नाही, एकटीच सोसते. तिला आधीच सांगून ठेवा: काही झालं तरी तुझा फोन आणि शाळा बंद होणार नाही. धमकीचे मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर फोन करता येतो, तर फोनवरून फसवून पैसे काढले असतील तर १९३० वर लगेच तक्रार द्यायची. हे दोन्ही आकडे बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.