दाराजवळचा घोडा

‘हॉब्सन्स चॉइस’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपल्याकडच्या भाषणांत आणि लेखांत अधूनमधून भेटतो, आणि पुष्कळदा भलत्याच अर्थाने. दोन वाईट पर्यायांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला तो लावला जातो. त्या अवस्थेसाठी आपली ‘इकडे आड, तिकडे विहीर’ पुरेशी आहे. हॉब्सनकडे पर्याय एकच. घ्यायचा तर घ्या, नाहीतर चालू लागा.

हा टॉमस हॉब्सन केंब्रिजचा. केंब्रिज ते लंडन मालाची आणि टपालाची ने-आण करायची, हा त्याचा धंदा. शिवाय तो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने देई. तबेल्यात ४० घोडे दिसत, पण नियम असा की गिऱ्हाइकाने दाराजवळ उभा असेल तोच न्यायचा. म्हातारा हेकट वाटतो खरा! पण विद्यार्थी चपळ तेवढीच जनावरं मागणार आणि त्यांनाच पिटाळून बेजार करणार, हे तो जाणून होता. पाळीपाळीने घोडे दिल्यामुळे प्रत्येकाला विसावा मिळे. १६३१ साली तो वारला, तेव्हा केंब्रिजला शिकत असलेल्या मिल्टनने त्याच्यावर दोन गमतीदार कविता केल्या. पुढे १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात रिचर्ड स्टीलने घोड्यांची हकिकत सांगितली.

आता वापराचं बघू. गावाहून तालुक्याला दिवसातून एकच एस.टी. आणि तीही पहाटे पाचची, हा झाला हॉब्सन्स चॉइस. शस्त्रक्रिया करायची की जन्मभर गोळ्या घ्यायच्या, हा नव्हे. तिथे माणूस खरोखरच दोहोंतून एक निवडतो.

हा फरक निव्वळ भाषेपुरता नाही. मोबाइलवर नवं ॲप घेताना पानंच्या पानं अटी समोर येतात आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण. पुष्कळदा एकही अट गाळता येत नाही. नामंजूर असेल तर ॲप वापरू नका. उद्या तक्रार केली, तर ‘तुम्हीच संमती दिली होती’ हे ऐकायची तयारी ठेवा. दाराजवळच्या घोड्यावर बसणाऱ्याने तो निवडला असं म्हणण्यासारखंच हे. हॉब्सनच्या नियमात निदान घोड्यांचं भलं होतं.

लिहिताना एवढंच पाहावं, की ‘अमुक आणि तमुक यांमधला हॉब्सन्स चॉइस’ असं वाक्य होत असेल, तर तिथे हा शब्दप्रयोग बसत नाही. ‘शृंगापत्ती’ म्हणा, नाहीतर सरळ ‘पेच’ म्हणा.