विमानाची वेळ आणि काउंटरची वेळ

धनादेश आणण्याची वेळ शाखा बंद होण्यावरून नव्हे, क्लिअरिंगच्या वेळेवरून ठरवावी, असे मी बँकेत असताना व्यापारी बंधूंना नेहमी बजावत असे. विमानाच्या बाबतीत मात्र मी स्वतःच हा हिशेब विसरलो.

बंगळुरूला थोरल्या अक्काची शस्त्रक्रिया 11 वाजता होती. पुण्याहून विमान सकाळी 7.10 चे. सहाला विमानतळाच्या दारात उतरलो, तेव्हा निर्धास्त होतो. दारावर ओळखपत्र पाहण्यासाठी रांग. काउंटरपाशी पोहोचेपर्यंत 6.18 झाले. देशांतर्गत प्रवासात सामान घेणारे काउंटर बहुधा 60 मिनिटे आधी बंद होते, विमानात सोडणारे द्वार साधारण 25 मिनिटे आधी. बोर्डिंग पास मोबाइलवर होताच. नुसती हातपिशवी असती, तर सरळ सुरक्षा तपासणीकडे गेलो असतो. पण बरोबर अक्कासाठी केलेल्या जिनसांची जड बॅग! दुपारच्या विमानाने पोहोचलो. आत नेण्यापूर्वी तिने दोनदा माझी चौकशी केली होती, असे भाच्याने सांगितले.

आता काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजत येतो. बॅग असल्यास दोन तास, नसल्यास दीड, परदेशी जाताना तीन. दिवाळीच्या सुटीत अर्धा तास अधिक. तिथे नुसते बसून काय करणार, असे घरची मंडळी विचारतात. बसण्यात जाते ते व्याज. त्या दिवशी माझे मुद्दल गेले होते.

अक्का आता हिंडू-फिरू लागली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. जिन्नस या वेळी आधीच कुरिअरने पाठवणार आहे.