अनुबोधपट : सत्याचें चित्र कीं चित्राचें सत्य ?

चित्रपट म्हटला कीं कथा, गाणीं आणि शेवटीं नायक-नायिकेचा मिलाप, अशीच कल्पना बहुतेकांच्या मनांत उभी राहते. ज्यांत रचलेली कथा नाहीं, पगारी नट नाहींत, रंगविलेला देखावा नाहीं, त्याला चित्रपट म्हणावयास सामान्य प्रेक्षक सहसा तयार होत नाहीं. पूर्वीं सिनेमागृहांत मुख्य खेळाच्या आधीं सरकारी चित्र लागे आणि तेवढ्या वेळांत लोक बाहेर चहा-विडी आटोपून घेत, ही आठवण अनेक वृद्धांना असेल. परंतु इतिहास चाळून पाहिला तर हें उपेक्षित भावंडच वडील ठरतें, आणि त्याचा जन्म एका मराठी माणसाच्या हातून झालेला आहे.

7 जुलै 1896 रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत लुमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईंतील छायाचित्रकार. त्या नवलानें भारून जाऊन त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि 1899 सालीं हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्याची सोय येथें नव्हती. ती लंडनला पाठवावी लागली. 1901 सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजचा मान मिळवून मुंबईस परतले, तेव्हां तो स्वागतसोहळाहि सावेदादांनीं टिपला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला तो 3 मे 1913 रोजीं. म्हणजे कुस्तीचें तें चित्र आपल्या पहिल्या कथापटाहून चौदा वर्षांनीं वडील होय.

मात्र या पहिल्याच चित्रांत एक पेंच दडलेला आहे. कुस्तीचा फड एरवींच भरला होता आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तेथें जाऊन उभे राहिले, असें झालें नाहीं. ती लढत चित्रणासाठींच ठरविण्यांत आली होती. मल्ल खरे, डाव खरे, घामहि खरा; परंतु प्रसंग मुद्दाम घडवून आणलेला. मग तें चित्र खरें म्हणावें कीं खोटें ? अनुबोधपटाचें सारें शास्त्र या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आलेलें आहे.

अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लॅहर्टी यानें 1922 सालीं ‘नानूक’ हें चित्र प्रसिद्ध केलें. उत्तरेकडील हिमप्रदेशांत राहणाऱ्या एका शिकाऱ्याच्या कुटुंबाचें जीवन त्यांत आहे. तेथील लोक तोंवर बंदूक वापरूं लागले होते. तरी फ्लॅहर्टीनें त्यांजकडून जुन्या पद्धतीनें भाल्यानें शिकार करविली. बर्फाच्या घरांत कॅमेऱ्यापुरता उजेड नव्हता, म्हणून अर्धें उघडें घर बांधविलें. 1926 सालीं याच फ्लॅहर्टीच्या दुसऱ्या एका चित्रासंबंधीं लिहितांना जॉन ग्रिअर्सन यानें वापरलेला ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द पुढें रूढ झाला. मराठींत त्यास अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. ग्रिअर्सनचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, यांतील माल जगाचा असतो, पण घडण कर्त्याची असते. आरसा समोर जें येईल तें दाखवितो. अनुबोधपटकार कोठें उभें राहावयाचें, केव्हां पाहावयाचें आणि काय गाळावयाचें हें ठरवितो.

ही घडण म्हणजे फसवणूकच असते, असें मात्र नव्हे. कित्येकदां उघड्या डोळ्यांना न दिसणारें सत्य तिच्यामुळेंच दिसूं लागतें. फाळक्यांनीं 1912 सालीं कुंडींत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतरानें त्याचें एकेक चित्र घेतलें. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरांत उलगडली. अंकुर मातींतून डोकें वर काढतो, पानें फुटतात, वेल वर चढतो, हें पाहून भांडवल देणाऱ्याचीहि खात्री पटली. त्या चित्रांतील काळ खोटा होता, परंतु वाढ खरी होती.

आतां एकाच विषयाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा कशा संभवतात, तें बैलाच्या उदाहरणानें पाहूं. मराठी शेतकऱ्याच्या घरीं बैल म्हणजे पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळीचा घांस घेणारा घरचाच माणूस. स्पेनमध्यें त्याचाच भाऊबंद रिंगणांत तलवारीनें मारला जातो. या स्पॅनिश झुंजीवर आल्बेर्त सेरा यानें काढलेल्या अनुबोधपटास 2024 सालीं सॅन सेबास्टिअनच्या महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्यांत प्रेक्षकांच्या रांगा जवळजवळ दिसतच नाहींत. दिसतो तो झुंजणारा पुरुष, त्याची जरतारी वस्त्रें, आणि धापा टाकणारें जनावर. निवेदक एक शब्द बोलत नाहीं. तरी गर्दीचा जल्लोष नजरेआड केल्याबरोबर शौर्य आणि क्रौर्य हीं दोन्हीं एकाच चौकटींत येऊन बसतात, आणि निवाडा पाहणाऱ्यावर सोंपविला जातो.

हा प्रश्न आपल्याहि दाराशीं आलेला आहे. गोव्यांत ‘धीरयो’ या नांवानें बैलांच्या झुंजी लावीत. न्यायालयाच्या निर्णयानें त्यांवर बंदी आली. महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यती 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें थांबविल्या. पुढें राज्यानें कायदा केला आणि 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें तो ग्राह्य धरला. या शर्यतींचें चित्र काढणारा कॅमेरा बैलाला लेकराप्रमाणें न्हाऊं घालणाऱ्या मालकाच्या अंगणांत ठेवतां येतो, किंवा पाठीवर उठणाऱ्या चाबकाच्या वळापाशींहि ठेवतां येतो. दोन्हीं चित्रें खरीं. परंतु एकच दाखवून दुसरें झांकणारा अर्धाच खरा.

कलेच्या बाबतींत अडचण निराळी आहे. चित्र भिंतीवर स्थिर असतें. त्याचें चलच्चित्र काय करावयाचें? पंढरपुरास जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनीं या कोड्याचें उत्तर स्वतःच दिलें. 1948 सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनसाठीं त्यांनीं 1967 सालीं राजस्थानांत एक लघुपट काढला. चित्रकाराची नजर जगाकडे कशी पाहते, एवढाच त्याचा विषय. त्यांत निवेदन नाहीं. बर्लिनच्या महोत्सवांत त्यास सुवर्ण अस्वलाचा मान मिळाला. वस्त्रांचेंहि तसेंच. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यानें 1989 सालीं योजी यामामोतो या जपानी वेषकारावर अनुबोधपट काढला, तेव्हां मिरवणाऱ्या सुंदरींपेक्षां कापड जोखणाऱ्या कारागिराच्या विचाराला त्यानें अधिक जागा दिली. आपल्या पैठणीचा पदर लग्नांत सर्वांना दिसतो. मागावर एकेक धागा मोजून त्यांतील मोर उठविणारे हात कितीजणांना ठाऊक असतात? तेवढें दाखविलें तरी अनुबोधपटानें आपलें काम केलें.

संगीताच्या अनुबोधपटांत सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे मौन. कुमार गंधर्वांना ऐन उमेदींत क्षयानें गांठलें. 1948 सालीं ते देवासला राहावयास गेले आणि वैद्यांच्या आज्ञेनें त्यांचें गाणें कांहीं वर्षें बंद राहिलें. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यांतील लोकगीतें त्यांच्या कानीं पडत होतीं. पुढील गायकीची नवी वाट त्यांतूनच निघाली. या काळाचें चित्र दाखवावयाचें तरी कसें ? गाणारा गात नाहीं, हीच तर मुख्य घटना ! 1992 सालीं कुमारजींचें निधन झालें. त्यानंतर डॉ. जब्बार पटेल यांनीं, तेहि पंढरपूरचेच, ‘हंस अकेला’ हा अनुबोधपट काढला. नायकच हयात नसतांना असें चित्र उभें राहतें तें जुन्या ध्वनिमुद्रिकांवर, छायाचित्रांवर आणि जिवलगांच्या आठवणींवर. हें साधन कोणी जपून ठेविलें नसेल, तर मोठ्यांतला मोठा दिग्दर्शकहि हतबल होतो.

सर्वांत नाजूक विषय माणसाच्या खासगी आयुष्याचा. गवयानें गाणें ऐकूं द्यावें, चित्रकारानें चित्र दाखवावें, हें ठीक. पण ज्याच्यापाशीं दुःखाखेरीज दाखवावयास कांहीं नाहीं, त्याच्या झोंपडींत कॅमेरा कोणत्या अधिकारानें शिरतो? आनंद पटवर्धन यांनीं 1985 सालीं मुंबईंतील झोंपड्या पाडण्याच्या मोहिमेवर ‘हमारा शहर’ हा अनुबोधपट काढला. त्यांत एक स्त्री खुद्द चित्रकर्त्यालाच खडसावते. गरिबांचीं चित्रें काढून तुम्ही नांव कमावणार, आमच्या पदरीं काय, असा तिचा रोख आहे. हा प्रसंग कापून टाकणें सहज शक्य होतें. तो चित्रांत राहूं दिला, यांतच त्या चित्राची सचोटी आहे. तिच्या प्रश्नाचें पूर्ण उत्तर अद्यापि कोणाजवळ नाहीं. परंतु ज्याला तो प्रश्न ऐकूंच आला नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या घराचा उंबरठा ओलांडूं नये.

काढलेलीं चित्रें टिकविणें हेंहि काढण्याइतकेंच कठीण. जुनी नायट्रेटची फीत अशी ज्वालाग्राही, कीं एकदां पेटली म्हणजे पाण्यांतहि विझत नाहीं. जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्या घटकांतच असतो. जुनीं चित्रें जतन करण्याकरितां 1964 सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरीहि जानेवारी 2003 मध्यें लागलेल्या आगींत पुण्यांतील नायट्रेट फितींचा मोठा ठेवा भस्मसात झाला. 2022 सालीं फिल्म्स डिव्हिजन आणि हें संग्रहालय हीं दोन्हीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आलीं. संस्थेची पाटी बदलली तरी चालेल; फितींची निगा ढळतां कामा नये.

हा विषय केवळ मुंबई-पुण्याचा आहे असेंहि कोणी समजूं नये. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला वसलेलें धर्माबादच घ्या. तेलंगणाची सीमा हाकेच्या अंतरावर. बाजारांत मराठीबरोबर तेलुगूहि कानीं पडते. लाल मिरचीच्या राशी पडल्या कीं वाटेनें जाणाऱ्याला ठसका लागल्यावांचून राहत नाहीं. ज्या 1948 सालीं मुंबईंत फिल्म्स डिव्हिजन उभें राहिलें, त्याच सालच्या सप्टेंबरांत हा मुलूख निजामी राजवटींतून मुक्त झाला. ते दिवस जाणत्या वयांत पाहिलेलीं माणसें आतां नव्वदीच्या पलीकडे आहेत आणि दरवर्षीं त्यांची संख्या घटत आहे. त्यांच्या नातवांच्या खिशांत मात्र सावेदादांच्या पेटीहून शतपट सोईचा कॅमेरा आहे, आणि त्याची फीत धुण्यास लंडनला पाठवावी लागत नाहीं.

अशा घरांतील सुशिक्षित तरुणानें एखादे दिवशीं आजोबांना ओट्यावर उजेडांत बसवावें, त्यांची अनुमति घ्यावी, आणि मध्यें न बोलतां त्यांना बोलूं द्यावें. त्यांनीं ‘हें नको दाखवूस’ म्हटलें तर तें दाखवूं नये. शेवटीं नांव, गांव, तारीख लिहून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. त्याला पारितोषिक मिळणार नाहीं, आणि कॅमेरा जरा हललाहि असेल. तरी तीस वर्षांनीं या भागाचें चित्र काढूं पाहणाऱ्याला सर्वांत आधीं त्याचीच गरज पडेल.